मुंगीचा शब्द

१९ नोव्हेंबर

प्रिय धाकटे,

आशीर्वाद, आणि आशीर्वादाच्या मागोमाग एक टपली. आम्ही दोघं ठणठणीत, तुझी लेक आमच्याहून ठणठणीत. तुझ्याकडेही सगळं ठीक असणार. नसतं तर तू फोन करकरून माझा कान एव्हाना लाल केला असतास.

फोन असताना दादा कागद कशाला खराब करतोय, असं म्हणशील. अगं, फोनवर तू मला वाक्य पुरं करू देतेस का? मी तुझ्या लेकीबद्दल नुसतं "मुंगी आज पाण्यात" एवढं म्हटलं की तिकडून "पडली?" असा आवाज येतो. ती पाण्यात छान होती, हे सांगायला मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. कागदाचं बरं असतं. तो मधे तोडता येत नाही.

मुंगीच्या टेंगळाबद्दल विचारलंस. टेंगूळ उतरलं. आता कपाळ पूर्वीसारखंच आहे, म्हणजे तुझ्यासारखंच, पुढे आलेलं.

आता खरी बातमी. आमच्या क्लबाने पोरांसाठी एक बाई आणल्यात. शिडाच्या होड्यांशी त्यांचा काही संबंध नाही. त्या खेळाडूंच्या मनावर काम करतात. पोरांनी पहिल्याच दिवशी त्यांचं नाव ठेवलं, मनाच्या बाई. मी म्हटलं, झालं, आता मला हे सगळं शिकायचं. तुला माहीत आहे, मी या आवारात आलो तो फाटकी शिडं शिवायला. आज तिथेच माझी स्वतःची शेड आहे, शिवणाची मशीनं आहेत, आणि पोरांना शिकवायचं काम क्लबाने आपणहून माझ्या गळ्यात घातलं, कारण शीड नुसतं फडफडलं तरी कुठला दोर सैल आहे हे मला धक्क्यावर पाठ करून बसलं तरी कळतं. तेव्हा मन वगैरे मी जरा हसण्यावारीच नेलं.

बाईंनी पोरांना शेडमध्ये पालथ्या होड्यांवर बसवलं आणि डोळे मिटायला लावले. म्हणाल्या, "आता धक्का सोडा. पाण्यात तरंगणाऱ्या पहिल्या बोयापर्यंत जा. वारा गालावर कुठे लागतोय ते सांगा."

मी मागून म्हटलं, "बाई, डोळे मिटून होडी चालत असती तर एवढं पाणी कशाला ठेवलंय?"

त्या वळल्या पण नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही कापड कापायच्या आधी कात्री हातात धरून बराच वेळ नुसते बघत बसता. तेव्हा काय करता?"

पोरं खिदळली. तुझी वहिनी ही गोष्ट आता येईल त्याला सांगते.

पण बाई पक्क्या आहेत हं. त्यांचं म्हणणं साधं आहे. वारा तुमच्या हातात नाही, शेजारची होडी तुमच्या हातात नाही. तुमच्या हातात आहे तुमचा दोर, तुमचं सुकाणू आणि तुमचं बूड किती बाहेर टाकायचं ते. वाऱ्याचा जोरदार झोत आला की डोक्यात दहा विचार येतात. त्या वेळी एकच शब्द मोठ्याने म्हणायचा आणि हाताला कामाला लावायचं. शब्द ज्याचा त्याने निवडायचा. मनात पहिला येईल तो.

आमच्या पैलवानाने निवडला "ताण". सगळ्या गोष्टीत हुज्जत घालणारी एक आहे, तिला आम्ही वकीलबाई म्हणतो, तिचा "बघ पुढे". एकाने चक्क आपल्या गणिताच्या मास्तरांचं नाव घेतलं. म्हणतो, नाव घेतलं की पाठ आपोआप ताठ होते. आणि आपल्या मुंगीने निवडला "सांभाळून". मी म्हटलं, तुझ्या आईचीच लेक! सगळे हसले.

गेला महिनाभर रोज तोच सराव. झोत आला की शब्द, शब्द आला की हात. मी रबरी बोटीतून मागे असतो आणि पाण्यावरून मला सगळ्यांचे शब्द ऐकू येतात. मुंगीचा तर इतका वेळेवर येतो की घड्याळ लावावं.

निवडीच्या शर्यती जानेवारीत. तिला माझ्याकडे ठेवायला तू एकच मोसम दिला आहेस हे माझ्या ध्यानात आहे, आणि तिच्याही. पोरीला राष्ट्रीय संघात जायचंय. ती मला बोलून दाखवत नाही, पण भिंतीवरच्या संघाच्या फोटोसमोर ती दात घासते.

मेहुण्यांना नमस्कार. वाक्य पुरं करू दिल्याबद्दल आभार.

तुझा,
दादा


१४ डिसेंबर

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. हे पत्र बसून वाच. कोणाला काही झालेलं नाही. हे पहिल्याच ओळीत लिहितो, कारण तू शेवट आधी बघतेस हे मला माहीत आहे.

टेंगळाचं सांगायचं राहिलं होतं. राहिलं कसलं, मी राहू दिलं होतं. सरावात होडी उलटली. शिडाचा आडवा दांडा तिच्या कपाळाला लागला आणि शीड तिच्यावर आलं. ती क्षणभर शिडाखाली होती. मी एवढा जवळ होतो की माझ्या बोटीतून उडी मारायला एक पाय बाहेर काढलाही होता. तेवढ्यात ती शिकवल्याप्रमाणे हात वर करून, कापडाला चाचपत कडेला आली आणि डोकं वर काढलं. पहिलं वाक्य काय असेल? "आईला सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. तिला शब्द दिला होता आणि, खरं सांगायचं तर, तुझ्या फोनलाही घाबरलो होतो.

होड्या उलटतात ग. उलटल्या नाहीत तर पोरं शिकायची नाहीत. मला खटकलं ते वेगळं. ती उलटली ती वाऱ्याच्या बाजूला. हे तुला समजावून सांगतो. वारा होडीला पलीकडे ढकलतो, म्हणून आपण पाय पट्ट्यात अडकवून अंग अलीकडे पाण्यावर टाकतो. इकडे माणूस, तिकडे वारा, मधे होडी सरळ. झोत आला की घाबरलेलं पोर शीड ताणून धरणारा दोर एकदम सोडून देतं. शिडातला वारा गेला. मग पलीकडे ओढणारं कोणी उरलंच नाही, आणि अलीकडे अंग टाकलेलं आपलं पोर होडी स्वतःच्याच अंगावर ओढून घेतं. म्हणजे जास्त जपायला गेलं की असं उलटतं. नवखी पोरं असं करतात. मुंगी नवखी नाही.

त्यानंतर मी कान देऊन ऐकायला लागलो. शब्द वेळेवर, "सांभाळून", आणि त्याच क्षणी दोर सैल. पुन्हा झोत, पुन्हा "सांभाळून", पुन्हा सैल. उलटत नव्हती, पण प्रत्येक झोताला शेजारच्या होड्या पुढे आणि ही जागच्या जागी. आणि हा सराव मीच महिनाभर करून घेतला होता. चांगली, पक्की सवय. शिलाई इतकी घट्ट की आता उसवायला नखं लागतील. एवढे तिखट कान घेऊन फिरतो, आणि स्वतःच हसत हसत म्हणालो होतो, तुझ्या आईचीच लेक, ते मला ऐकू आलं नाही.

परवा होड्या धुताना मी विषय काढला. ती नळी धरून होती, मी ब्रश.

"मुंगे, तुझा शब्द बदलायचा का?"

"का? बाई म्हणाल्या ना, पहिला येईल तो."

"पण तो तुझ्याच मनातून आला ना?"

नळीचं पाणी माझ्या पायावर पडत होतं. तिला पत्ता नव्हता.

"माझ्या मनात आईच पहिली आली," ती म्हणाली. "ती रोज सकाळी फोन ठेवताना म्हणते. मग तोच राहतो कानात. झोत आला की मला वाटतं, ती आता फोनजवळ बसलीय."

"मग?"

"मग मी तिला घाबरवत नाही. दोर सोडते."

धाकटे, हे मी तिच्या शब्दांत लिहिलंय. एक अक्षर बदललेलं नाही. ती पाण्याला घाबरत नाही. ती तू घाबरशील याला घाबरते.

मी म्हटलं, हे आणि होडी उलटल्याचं, दोन्ही मी तुझ्या आईला कळवणार. तिने नळी बंद केली. "मग ती मला घेऊन जाईल," म्हणाली. मी म्हटलं, "नेईलही. पण लपवून शर्यत लावायची नाही आपण." ती माझ्याशी जेवणापर्यंत बोलली नाही. जेवताना तुझ्या वहिनीला म्हणाली, "मामी, मामाला मीठ लागतंय का विचार." म्हणजे तह झाला.

मी मनाच्या बाईंना गाठलं. खरं तर मी उपाय ठरवूनच गेलो होतो. म्हटलं, बहिणीला सांगतो शर्यतीच्या दिवशी फोनच करू नको. बाई हसल्या. "एक दिवस फोन आला नाही तर ती दिवसभर फोनचाच विचार करेल. आईला गप्प करू नका. आईला दुसरं काम द्या."

"कुठलं?"

"सूचना देऊ नका म्हणावं, प्रश्न विचारा. आज वारा कसा आहे, एवढाच. आणि उत्तर पुरं ऐकून घ्या."

मी म्हटलं, बाई, शेवटचं जरा अवघड आहे.

तर हे तुझ्याकडे मागणं. फोन कर, रोज कर. ठेवताना तो शब्द म्हणू नकोस. तुझ्या तोंडात तो श्वासासारखा आहे, मला ठाऊक आहे. मी शाळेत निघालो की पाटावर बसून तू मलाही तोच म्हणायचीस, आणि तेव्हा तुला धड बोलताही येत नव्हतं. त्यात प्रेम आहे हे तुझ्या लेकीला पुरेपूर कळतं. म्हणूनच तर तो तिच्या होडीत येऊन बसतो, आणि त्या होडीत एकाचीच जागा आहे.

न्यायचं असेल तर ये, घेऊन जा. मी आडवा येणार नाही. मी पोरीपेक्षा होडीला मोठं मानत नाही. पण ठेवायची असेल तर तिला तुझा हात सुटल्यासारखं वाटू न देता सोड. हे कसं करतात ते मला माहीत नाही. मला फक्त दोर कसा सोडतात ते माहीत आहे, आणि तो हळूहळू सोडतात.

तिने नवा शब्द अजून निवडलेला नाही. म्हणते, सांगणार नाही कोणाला.

तुझ्या रागाची वाट बघणारा,
दादा


२१ जानेवारी

प्रिय धाकटे,

आशीर्वाद चालतील ना? तुझं दोन ओळींचं पत्र मिळालं होतं. "सगळं कळलं. मी तुझ्याशी बोलणार नाही." बोलणार नाहीस म्हणालीस, वाचणार नाहीस असं कुठे म्हणालीस? म्हणून लिहितो. शिवाय तू न्यायला आली नाहीस, त्यातून मला काय समजायचं ते मी समजलो.

निकाल तुला लेकीने कळवलाच आहे. पण ती पोर सगळं सांगते तसाच निकालही सांगते, "झालं, आले आत." बाकीचं मी सांगतो.

शेवटच्या दिवशी सकाळी तुझा फोन आला तेव्हा मी दाराबाहेर बूट घालत होतो. बूट घालायला मला इतका वेळ कधी लागत नाही. तू काय म्हणालीस ते ऐकू आलं नाही, पण तिचं ऐकू आलं. ती म्हणाली, "वारा ना? आज खाडीकडून आहे. नाही, सरळ नाही, फिरतोय. पाण्यावर काळे डाग दिसतात ना, तिथे झोत असतो..." आणि अशी सुटली की थांबेना. काळे डाग, लाट, पहिला बोया, तिथे उजवीकडे का जायचं. तू मधे एकदाही तोडलं नाहीस. मग बहुतेक तू विचारलंस की, झोत आला की काय करणार, कारण ती म्हणाली, "अंग बाहेर टाकणार आणि दोर धरून ठेवणार." फोन ठेवताना ती थांबली. शब्दाची वाट बघत असावी. तो आला नाही. ती म्हणाली, "ठेवू?" आणि ठेवला.

बाहेर आली ती माझ्याकडे बघून हसली. "मामा, बूट उलटे घातलेस."

शेवटच्या शर्यतीआधी तिची आणि पलीकडच्या क्लबातल्या लाल टोपीवाल्या मुलीची बरोबरी होती. संघात एकच जागा उरली होती. दोघींपैकी जी पुढे, ती आत. एवढं साधं. वारा मात्र साधा नव्हता. सकाळी तिने तुला सांगितला त्याच्या दुप्पट झाला होता. दोन होड्या सुरुवातीलाच उलटल्या. आमचा पैलवान "ताण, ताण" असा ओरडत होता की पंचांनी मागे वळून बघितलं.

आम्हा शिकवणाऱ्यांच्या बोटींना शर्यतीच्या कडेने राहावं लागतं. मी वाऱ्याच्या खालच्या बाजूला होतो, म्हणजे होड्यांचा आवाज थेट माझ्याकडे येणार. शेवटच्या टप्प्यात लाल टोपी पुढे, मुंगी मागे. आणि पाण्यावरून काळा डाग सरकत येताना मला दिसला, मोठा, दोघींच्या अंगावर येणारा. आता ती शब्द म्हणणार.

धाकटे, मी इंजिन चालू केलं आणि बोट फिरवून लांब वाऱ्याच्या वरच्या बाजूला नेली. तिथून काही ऐकू येत नाही. आयुष्यभर या कानांवर भाकरी कमावली, पण तो शब्द तिने कोणाला सांगायचा नाही असं ठरवलं होतं, आणि कोणाला म्हणजे मलाही.

ऐकू आलं नाही, पण दिसलं. तोंड उघडलं. अंग सगळं बाहेर, वेणी पाण्याला टेकली. लाल टोपीच्या शिडाने थरथर केली, दोर सुटला. मुंगीचं शीड चापून ताठ. होडी कलली, कलली, मला वाटलं गेली, आणि तिने दोर धरूनच ठेवला. मग होडी सरळ झाली आणि अशी पळाली की मी माझ्या बोटीत उभा राहिलो. तिथे उभं राहायला बंदी आहे. मीच पोरांना ती घातली आहे.

शेवटच्या रेषेवर एका होडीची लांबी. आपली पुढे.

धक्क्यावर आली ती ओठ निळे, दात वाजताहेत. पहिला प्रश्न, "मामा, ऐकलंस?"

"नाही."

"खरंच?"

"इंजिन चालू होतं."

"मुद्दाम चालू केलंस ना?"

मी टॉवेल तिच्या डोक्यावर टाकला आणि खसाखसा पुसायला लागलो. ती टॉवेलच्या आतून हसत होती. लाल टोपीवाली जवळच बसून रडत होती. मुंगी टॉवेलसकट तिच्याशेजारी जाऊन बसली. दोघी काय बोलल्या ते मला माहीत नाही. तेव्हाही मी लांबच होतो.

आता पुढचं. संघाची शाळा इथे नाही. लांब, उघड्या समुद्रावर आहे. वर्षभर तिथेच राहायचं, तिथलीच शाळा, तिथलेच शिकवणारे. ती बाई मी पाहिली आहे, संघाला शिकवते ती. चांगली आहे. कमी बोलते आणि पोरांचं ऐकते. माझ्याकडून मुंगीला जे मिळण्यासारखं होतं ते मिळून झालंय. शिवायचं काम संपलं की कापड माझ्याकडे ठेवून मी काय करणार? वहिनी म्हणते, रात्री जेवताना पानं दोनच वाढायची का आता. मी म्हटलं, दोनच. काल सकाळपासून मी एकच शिलाई तीनदा उसवली, पण ते मशीन तसंही जुनं झालंय.

तू एक मोसम दिला होतास. मोसम संपला. तेव्हा पुढचं तुझं. मी म्हटलं, मी आईशी बोलू का? तर पोरगी म्हणाली, "नको. मीच विचारते." या रविवारी ती तुला फोन करेल आणि स्वतः विचारेल. मी घरात नसेन. मी शेडमध्ये असेन आणि मशीन चालू असेल.

तुला हो म्हणायचं तर हो म्हण, नाही म्हणायचं तर नाही म्हण. ती दोन्ही झेलेल. पण जे काही म्हणशील ते तिला म्हण. त्याआधी मला फोन करून "दादा, तुला काय वाटतं?" असं विचारू नकोस. मला काय वाटतं ते फार आपमतलबी आहे. ते ऐकून तू नाही म्हणशील.

तुझ्या लेकीला इथवर आणून सोडणारा, आणि आता नुसता मामा उरलेला,
तुझा दादा